उंटाच्या माळावरचं सहावं हाटेल

आमच्या माळावर पाऊस फिरकत न्हाय, कॅनॉल येत न्हाय आन् शहाणा माणूस राहत न्हाय. मी तितंच जन्मलो आन् तितंच राहिलो, म्हंजे माझा हिसाब तुमीच लावा.

बारामतीकडनं इंदापूरला येताना एका ठिकाणी उसाची हिरवळ एकदम तुटती. त्याच्या पल्याड आमचा माळ. कुसळं, खडक, चार बाभळी आन् एखादं हरण, ते बी चुकून आल्यासारखं पळत सुटणारं. अशा जागंवर पुण्याच्या एका शेठनं जमीन घेतली, डंपर लावून वाळू टाकली, तंबू ठोकले, दोन उंट आणले आन् उंटामागं राजस्थानातनं उंटवाला आणला. बाहेर कमान. आत वाळवंट. तिकीट काढून लोकं यायला लागली.

मी बायकोला म्हणलो, "आपून जलमभर वाळवंटात फुकट राहिलो बघ. तिकीट लावायचं सुचलं न्हाय."

ती म्हणली, "तुमाला बघाया कोण तिकीट काढंल?"

आता त्या रिसॉर्टातलं जेवण कसं, तर तुपातलं आन् गुळचट. पयल्या दिवशी लोकं कवतिकानं खायची. दुसऱ्या दिवशी दुपारी कमानीतनं बाहेर यायची आन् कुठं झणझणीत मिळतंय का म्हणून मान वर करून वास घ्यायची. त्यांच्यापायी रस्त्याच्या कडंला हाटेलं उठली. कमानीला लागून फॅमिली गार्डन, त्याला रंगीत दिवं आन् झोका. मग मिसळवाला. मग भेळ आन् बर्फाचा गोळा. मग चायनीजची गाडी. मग उजनीच्या पाण्यातली चिलापी मासळी तळून देणारा. आन् सगळ्यात शेवटाला, जितं कुत्रं सुदिक पोट भरल्यावर फिरायला येतं, तितं आमचं पत्र्याचं छप्पर. सहावं हाटेल.

छप्पर दसऱ्याला घातलं. चूल बायकोची, भाकरी बायकोची, कालवण बायकोचं. माझं काय, तर तोंड. गिऱ्हाइकाला हसवायचं काम माझ्याकडं. मी साळंत दीड दिवस गेलो. अर्ध्या दिवसात मास्तरला हसवलं, दुसऱ्या दिवशी मास्तरनं मला रडवलं, संपलं शिक्षण. बायको सातवी झालीय. बोर्ड तिनंच सांगून रंगवून घेतला, त्याच्यावर काय लिवलंय ते तिनंच मला वाचून दाखवलं: "बोल्हाईचं मटण मिळेल."

हे ज्यांना ठावं न्हाय त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं काही घरं बोल्हाई देवी पाळत्यात. ती माणसं मटण खात्यात, पण मेंढराचंच. बोकडाचं न्हाय. चुकून बी न्हाय. बोकडाच्या भांड्यातलं पाणी सुदिक घेत न्हाईत. माझ्या बायकोचं माहेर पाळणारं. लगीन झाल्यावर तिनं माझ्या आईला येवढीच एक गोष्ट मागितली, की ह्या घरात मेंढराशिवाय दुसरं मटण शिजायचं न्हाय. आई म्हणली, बरं. आमच्यात काय, मिळंल ते खायचं आन् न मिळालं तर गप पडायचं. तवापासनं इस वर्षं माझ्या घरात बोकड शिरला न्हाय. मी शिरतो तेवढाच.

हाटेल घालताना बी तिची हीच अट. मी खुशीनं हो म्हणलो. त्या पाच जणांत कुणाकडं बोल्हाईचं मटण न्हवतं. पाळणारी माणसं बारामतीपासनं दौंडापत्तर पसरलेली, ती उंट बघाया येणार, बोर्ड बघणार आन् सरळ आमच्यात घुसणार. मला तर सपान पडायला लागलं की लोकं छपराबाहेर पंगतीला थांबलीत.

आता माझं डोकं बघा. दसऱ्याला आमच्या माळावर मेंढरंच मेंढरं. जिकडं बघावं तिकडं धनगरांचं वाडं. मला वाटलं, जशी कुसळं माळाची तशी मेंढरं बी माळाचीच. आन् दिवाळी झाल्याबरुबर सगळी मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या घिऊन धनगर निघाले कोकणात. दर साली जात्यात. मी पोरगं हुतो तवापासनं दर साली रस्त्याकडंला हुबा राहून जाताना बघितलंय. पण धंद्याचा इचार करताना ते माझ्या टकुऱ्यात आलंच न्हाय. रिसॉर्टाचा मोसम दिवाळी ते होळी. मेंढरं कोकणात दिवाळी ते पावसाळा. जगाच्या पाठीवर मेंढराचं हाटेल मेंढरं गेल्यावर उघडणारा मी एकलाच.

वळखीच्या धनगराच्या पाठीमागं पळत गेलो हुतो. म्हणलो, "पाव्हणं, दोन-चार तरी ठिवून जा की."

तो म्हणला, "तू आमच्यासंगं चल. मेंढरं बी हायती, आन् हसवणारं माणूस बी लागतंय वाटंनं."

शेवटी इंदापुरातल्या एका खाटकाला गाठलं. तो रविवारी एक मेंढरू कापायचा, त्यातलं आमाला द्यायचा. म्हंजे आठवड्यातनं एक दिवस बोर्ड खरा. बाकी सहा दिवस पिठलं-भाकरी, ठेचा आन् माझं तोंड.

कोण यीना हो. खरंच कोण यीना. लोकं कमानीतनं बाहेर यायची, झोक्यावर बसायची, मिसळीला थांबायची, पोरं गोळ्याला वडायची, मासळीपत्तर येता येता पोट भरायचं. आमी दोघं छपरात बसून त्यांच्या पाठी मोजायचो. मी काय काय केलं ते सांगतो. डोक्याला लाल फेटा बांधून रस्त्यावर हुबा राहिलो. लोकांनी माझ्यासंगं फोटू काढलं आन् चायनीजच्या गाडीवर जाऊन खाल्लं. उंट आपल्या छपरापत्तर आणला तर मागं लोकं येतील म्हणून उंटवाल्याला मस्का लावला. उंट आला. त्यानं छपराच्या कुडाचा कडबा खाल्ला आन् माझ्या खांद्याचा चावा घेतला. गिऱ्हाईक म्हणून त्या मोसमात पोटभर जेवून गेलेला तोच.

चायनीजवाला म्हणला, "मामा, उंटाला बी तुमची भाकरी नको, तुमीच पायजे."

एकलं गिऱ्हाईक बांधल्यासारखं यायचं, तो उंटवाला. बिचारा मटणाला शिवायचा न्हाय. बाजरीची भाकरी आन् लसणाची चटणी खायचा आन् हिंदीत म्हणायचा, माझ्या आईच्या हातची अशीच असती. बायको त्याला एक भाकरी जास्ती वाढायची. बाकीच्या उरायच्या. सकाळी थापलेल्या भाकरी सांजच्याला आमी दोघं पाण्यात बुडवून खायचो. ती तोंड खाली घालून खायची. मी इनोद सांगायचो. पयल्यांदा ती हसायची. मग नुस्तं बघायची. मग बघायची बी बंद झाली.

संक्रांतीनंतर एक दिवस काटवट पालथी घालून म्हणली, "होळीपत्तर बघती मी. न्हाय चाललं तर भवानीनगरला जाती भावाकडं. कारखान्यासमोर त्याची खानावळ हाय, हात कमी पडत्यात त्याला."

"आन् मी?"

"तुमाला बोलवलं न्हाय त्यानं."

"किती दिवस जाणार?"

तिनं काटवट उचलून चुलीमागं ठिवली. मी म्हणलो, "बरं झालं, जागा हुईल छपरात." हसली न्हाय. कापडाची पिशवी तिनं खुंटीला अडकवून ठिवली. रिकामीच हुती. पण मी रोज सकाळी उठून आधी त्या पिशवीकडं बघायचो, फुगलीय का.

होळी चार दिवसांवर आली. शनिवारी सांजच्याला एक म्हातारं माणूस नातवंडं घिऊन उंटाच्या रपेटीला आलेलं. धोतर, टोपी, हातात काठी. बारामतीकडचं सुखी घर दिसत हुतं. उंटावर पोरं रडाय लागली म्हणून मी जवळ जाऊन त्यांना म्हणलो, "भिऊ नका रं, ह्यो माझा मेव्हणा हाय. लगनात रुसलाय तवापासनं असंच तोंड करतोय." पोरं हसली. म्हातारं तर इतकं हसलं की काठीवर वाकलं. मग चालत चालत माझ्यासंगं छपरापत्तर आलं, बोर्ड वाचला आन् हुबंच राहिलं.

"आरं, बोल्हाईचं?"

"व्हय तात्या."

"आमी पाळतो. कालधरनं आत नुस्ता भात खातोय मी. उद्या दुपारी चौदा माणसं येतो. मेंढराचंच नव्हं?"

आतनं बायको बाहेर आली. डोक्यावर पदर घिऊन म्हणली, "माझं माहेर पाळणारं हाय, तात्या. माझ्या भांड्यात दुसरं शिजत न्हाय."

"मग झालं तर. पोरी, तुझ्या इस्वासावर येतो."

तात्या गेल्यावर ती चुलीम्होरं बसली, मसाला काढला, निवडायला लागली. मग वर बघून म्हणली, "चौदा माणसं जेवली तर पुढचा मोसम बघू." येवढंच. मी बाहेर जाऊन चायनीजवाल्याला मिठी मारली. त्याला कळंना का.

रविवारी उजाडायला मोटारसायकल काढून इंदापूर. खाटकाचं दुकान बंद. शेजारी म्हणला, पाव्हण्याकडं मयत झालीय, गावाला गेलाय. दुसरा खाटीक, त्याच्याकडं बोकड. तिसरा, बोकड. गाडी बारामतीला हाणली. तितं एकाकडं मेंढराचं असतं म्हणं, पण ते सकाळीच संपलेलं. म्हणला, "होळीच्या तोंडावर मेंढरं हायती कुठं? सगळी कोकणात." मला सांगतोय. मला!

अकरा वाजलं. एका दुकानापुढं हुबा हुतो, म्होरं बोकड टांगलेला. आता शहाणा माणूस काय करंल? घरी फोन करंल, खरं सांगंल. पण माझ्या डोळ्याम्होरं ती कापडाची पिशवी. मी चार किलो बारीक तुकडं करून घेतलं. खाटकानं इचारलं, "पाया देऊ का?" मी म्हणलो, "नको, वळखू यील." तो हसला. मी बी हसलो. माझं सगळं असंच हाय, खरं बोललो की लोकं हसत्यात.

घरी आलो. बायकोनं परात पुढं केली, मटण धुवायला घेतलं. म्हणली, "आज चरबी कमी दिसती. मेंढराचंच नव्हं?"

मी म्हणलो, "न्हाय, उंटाचं."

आन् ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. पदर तोंडाला लावून. तिथंच सांगायचं हुतं. पण ती हसत असताना मला सांगता येईना, मोडवंना ते हसणं. तिनं बोकड कधी बघितलाच न्हवता भांड्यात, वळखणार कसा? इस्वास हुता म्हणून पुढचं इचारलं न्हाय.

कालवणाला उकळी आली. तिनं वगराळ्यानं थेंबभर रस्सा तळहातावर घेतला, फुंकला आन् चाटला. मीठ बघायला. मी दारात हुतो. इस वर्षं नव्हं, तिच्या आईच्या पोटातनं आल्यापासनं जे तिनं केलं न्हाय, ते माझ्यासमोर केलं. म्हणली, "जरा मीठ कमी हाय." मी पाणी भरायचं निमित्त करून मागं जाऊन बसलो.

दुपारी चौदा माणसं आली. पोत्यांवर पंगत बसली. ताटं वाढली, वाट्या वाढल्या. कुणी फोटू काढतंय, कुणी कांदा मागतंय. माझी किती दिवसांची पंगत, अशी म्होरं बसलेली. तात्यानं भाकरी मोडली, रश्शात बुडवून एक घास ताटाच्या कडंला काढून ठिवला, देवीचं नाव घिऊन हात जोडलं. आन् पुढचा घास उचलला.

मी म्हणलो, "तात्या, थांबा. बोकडाचं हाय."

पंगत माझ्याकडं वळली. आन् मग अशी हसली की छपराचा पत्रा वाजला.

"लई वंगाळ हाय लेका तू," तात्या म्हणला. "काल उंट मेव्हणा, आज बोकड!" आन् घास तोंडात घातला.

"तात्या, खरंच. शपथ."

"कुणाची रं?"

"माझी."

परत हसली. एक सून म्हणली, "मामंजी, ह्या काकांना पुण्याला घिऊन चला, टीव्हीवर चालत्याल." तात्यानं दुसरा घास घेतला.

तिसऱ्यांदा मी बोललो न्हाय. का न्हाय, ते मला आजबी कुणी इचारलं तर माझ्या तोंडातनं इनोदच येतो. दोनदा सांगितलं म्हणून मन म्हणत हुतं, तू सुटलास. पंगत खुश हाय. पिशवी रिकामीच राहील.

मग माझं ध्यान गेलं, भाकरी थापायचा आवाज बंद झालाय.

बायको माझ्याकडं बघत हुती. दोन तळहातांत अर्धी भाकरी तशीच. माझं तोंड तिला जेवढं वाचता येतं तेवढं कुणाला येत न्हाय. तिनं ती भाकरी परातीत ठिवली, हात झटकला, बाहेर आली आन् वाकून तात्याच्या हाताखालनं ताट काढून घेतलं.

"तात्या, जेवू नका. ह्यांनी सांगितलं ते खरं हाय."

ती म्हणल्याबरुबर कुणी हसलं न्हाय. एकदाच सांगितलं तिनं. म्हातारं उठलं, बाहेर गेलं, चुळा भरल्या. पंगतीतली सगळी हळूहळू उठली. पोरांना कळंना, ती म्हणत हुती, आजोबा, गंमत हाय, काकांनी गंमत केली. एक दांडगा गडी, तात्याचा पोरगा असावा, माझ्या अंगावर आला. मी म्हणलो, मार. पण तात्यानं काठी आडवी केली. मला त्यानं शिवी दिली न्हाय. माझ्याकडं बघितलंच न्हाय.

बायकोला इचारलं, "पोरी, तू चाखलं हुतंस?"

"चाखलं."

"मग आपलं दोघांचं एकच. देवीच्या पाया पडून ये, ती माय हाय. तुला ठावं न्हवतं, मला ठावं न्हवतं."

ज्याला ठावं हुतं तो खांबाला धरून हुबा हुता.

बायको म्हणली, "तात्या, पोरं उपाशी हायती. धा मिंटं बसा." चायनीजवाल्याकडं जाऊन त्याची नवी, अजून न वापरलेली कढई आन् कागदाच्या पलेटी आणल्या. बेसन कालवलं, मिरची-लसूण ठेचला आन् चौदा माणसांना पिठलं-भाकरी वाढली. आन् ते सगळे पोटभर जेवले हो. तात्या म्हणला, असं पिठलं किती वर्षांत खाल्लं न्हाय. पोरांनी परत मागून घेतलं.

मी ते बघत हुतो. म्हंजे येवढंच करायचं हुतं. सकाळी अकरा वाजता फोन करून म्हणायचं, मेंढरू न्हाय मिळालं, पिठलं टाक. पंगत बसली असती, उठली असती, पुढचा मोसम बघितला असता. येवढं साधं मला सुचलं न्हाय आन् कोकणातली मेंढरं मी बारामतीत हुडकत बसलो.

माणसं गेल्यावर तिनं चूल इझवली. कालवण माळावर नेऊन वतलं. ते पातेलं राखंनं तीनदा घासलं आन् छपरावर पालथं घातलं. मग खुंटीची पिशवी काढली. तिच्यात दोन लुगडी भरली. मी म्हणलो, "होळीला तीन दिस हायती अजून." ती चपला घालत म्हणली, "मी तुमाला इचारलं हुतं. मेंढराचंच नव्हं म्हणून इचारलं हुतं मी."

रस्त्यापत्तर मी मागं गेलो. एसटीला तिनं हात केला. मला एक इनोद आठवत हुता, चांगला हुता. मी तो गिळला. तेवढं एक त्या दिवशी मी नीट केलं.

होळी झाली. उन्हाळा लागला, रिसॉर्टाची गर्दी कमी झाली. उंटवाला दोन-तीन दिवस भाकरीसाठी आला, मी थापून दिली. त्यानं ती हातात धरून फिरवून बघितली आन् म्हणला, "मालकीण कब आयेगी?" उंटानं बी खाल्ली नसती ती.

मग मी रविवारी भवानीनगरला जायला लागलो. कारखान्यासमोर मेव्हण्याची खानावळ, बाकडी टाकलेली, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी भरलेली. मी बी बाकड्यावर बसतो. मेव्हणा बघून न बघितल्यासारखं करतो. वाढायला ती येती. सगळ्यांना इचारती तसंच मला इचारती, "भाकरी का चपाती?" पयल्या रविवारी मी शेजारच्या डायवरला हसवलं, त्यानं पुढच्याला सांगितलं, सगळं बाकडं हसलं. ती आत निघून गेली आन् मला वाढायला दुसरं कुणी आलं. तवापासनं मी तितं गप बसून जेवतो. गप बसून जेवणं लई अवघड असतंय.

चार-पाच रविवार गेलं. एकदा तिनं भाकरी टाकता टाकता हळूच इचारलं, "बोर्ड हाय का अजून तितं?"

"काढला."

तिनं माझ्याकडं बघितलं. तेच बघणं, पंगतीच्या दिवशीचं. माझ्या शब्दावर कोण इस्वास ठेवणार, मीच ठिवत न्हाय. म्हणून मी म्हणलो, "भाईर गाडीला बांधून आणलाय. बघ."

ती लगीच गेली न्हाय. चार ताटं वाढली, दोन खरकटी उचलली. मग पदराला हात पुसत दारापत्तर गेली. मोटारसायकलच्या मागं सुतळीनं बांधलेला पत्र्याचा बोर्ड तिनं हुबं राहून बघितला. वाचला असंल. तिला येतं वाचता.

परत येताना माझ्या बाकड्यापाशी न थांबता म्हणली, "मागं ठिवा जाताना. पाण्याच्या पिंपाला झाकण न्हाय."

जेवण झाल्यावर मी बोर्ड सोडला आन् मागच्या अंगाला पिंपावर नेऊन ठिवला. अक्षरं खालच्या बाजूला केली. वरनं एक दगड ठिवला, वाऱ्यानं उडू न्हाय म्हणून. मग गाडीला किक मारली आन् माळाकडं निघालो. रविवार हुता, कमानीपाशी दोन्ही उंट हुबे हुते. सहाव्या हाटेलाकडं कुणी बघत न्हवतं.